डोंगरवाटेवरचं फाटक

21 मे 2025 रोजी लंडनच्या सर्वोच्च न्यायालयाने एका छोट्या तंबूचा निकाल लावला.

जागा डार्टमूर. इंग्लंडच्या नैऋत्येचा उघडा, दलदलीचा, दगडी सुळक्यांचा पठारी मुलूख. तिथे पाठपिशवी घेऊन चालत सुटायचं, अंधार पडला की तंबू ठोकायचा, सकाळी गुंडाळून पुढे निघायचं आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागायची नाही, ही तिथली जुनी रीत. अशी रीत उरलेला इंग्लंडमधला हा एकच मुलूख. तिथली मोठी इस्टेट विकत घेतलेलं एक दांपत्य या रीतीविरुद्ध कोर्टात गेलं. त्यांचं म्हणणं असं की, 1985 च्या डार्टमूर कॉमन्स कायद्याने लोकांना पायी आणि घोड्यावरून, मोकळ्या हवेतल्या विरंगुळ्यासाठी प्रवेश दिला आहे. रात्री मुक्काम करायला दिलेला नाही. जानेवारी 2023 मध्ये उच्च न्यायालयाने हे मान्य केलं. जुलैअखेर अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. अखेर सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की तंबू टाकून राहणं हाही त्याच विरंगुळ्याचा भाग आहे.

या निकालाचा मला मनापासून आनंद झाला. तसा तो मूठभर माणसांच्या मुक्कामाचा प्रश्न होता. पण उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर पुढच्या आठवड्याच्या शेवटी, ऐन थंडीत, तीनेक हजार लोक त्या माळावर चालत गेले. त्यातल्या कित्येकांनी आयुष्यात कधी तंबू ठोकला नसेल. एक वाट गेली की दुसरी जायला वेळ लागत नाही, हे त्या देशातल्या चालणाऱ्यांना अनुभवाने कळलेलं आहे. आपल्याला अजून कळायचं आहे. म्हणून आजचा मजकूर.

इंग्रजांच्या देशात जमीन कुंपणात कशी गेली याचा हिशेब त्यांच्याच संसदेत आहे. 1604 ते 1914 या काळात पाच हजारांहून जास्त कायदे करून सुमारे 68 लाख एकर जमीन बंदिस्त करण्यात आली. त्यात गावाची सामाईक कुरणं होती, माळ होते, सरपणाची रानं होती. गुरं चारणारा माणूस एका सहीने परका झाला. त्याच्या मागोमाग चालणाराही परका झाला. हा क्रम लक्षात ठेवा. आधी गावकऱ्याचा हक्क जातो, मग भटक्याचा. उलट कधी होत नाही.

पुढे कापडगिरण्या आल्या. मँचेस्टर, शेफील्डची धुरकट वस्ती आली. रविवारी सुटी मिळाली की कामगार पोरं आगगाडीने डोंगराकडे पळायची, आणि डोंगरावर पाटी दिसायची: प्रवेश बंद. कारण वरच्या माळावर ग्राऊस नावाचे पक्षी पाळलेले असत आणि ऑगस्टच्या 12 तारखेपासून सरदार-दरकदार त्यांची शिकार करत. वर्षातल्या थोड्या दिवसांच्या शिकारीसाठी अख्खा डोंगर बारा महिने बंद.

24 एप्रिल 1932 ला शेकडो पोरं हेफील्ड गावातून किंडर स्काऊटच्या पठारावर सरळ चालून गेली. पुढारी होता बेनी रॉथमन, वय 20. वरती राखणदारांशी झटापट झाली. गावात परतल्यावर पोलिसांनी रॉथमनसह पोरांना उचललं. परक्याच्या जमिनीत पाऊल ठेवणं हा तिथे फौजदारी गुन्हाच नव्हता. म्हणून दंगल आणि मारहाणीची कलमं लावली. खटला डर्बीत चालला. ज्युरीत लष्करातले अधिकारी आणि जमीनदार यांचाच भरणा होता. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला.

त्या शिक्षेने देश हलला. तोवर पदयात्रींच्या जुन्या संघटना या पोरांपासून चार हात लांब होत्या. जे अर्ज-विनंत्यांनी मिळेल ते मिळवायला घाई कशाला, असं त्यांचं मत. अर्ज-विनंत्या कित्येक वर्षं चालल्याच होत्या. डोंगर उघडण्याचं पहिलं विधेयक 1884 सालचं, आणि ते संसदेत पुढे सरकलंच नाही. वीस वर्षांची पोरं तुरुंगात गेल्यावर लोकांना प्रश्न पडला की या पोरांनी चोरलं तरी काय? 1949 मध्ये राष्ट्रीय उद्यानं आणि ग्रामीण प्रवेशाचा कायदा आला. 1951 मध्ये किंडर स्काऊट ज्यात येतो ते पीक डिस्ट्रिक्ट देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. 2002 साली, त्या चालून जाण्याला 70 वर्षं झाली तेव्हा, मूळ जमीनमालक घराण्याचा वारस, अकरावा ड्यूक ऑफ डेव्हनशायर, त्याच जागी उभा राहिला आणि आजोबांच्या वागण्याबद्दल त्याने जाहीर माफी मागितली. आपल्याकडच्या कुठल्या जमीनदार घराण्याला हे सुचेल, तर मी त्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन नमस्कार करीन.

आता एक कमी माहीत असलेली गोष्ट. माझ्या मते आपल्या कामाची सगळ्यात जास्त हीच आहे.

स्कॉटलंडमध्ये ग्लेन डॉल नावाची दरी आहे. तिथून डोंगर ओलांडून ब्रेमारकडे जाणारी जुनी वाट आहे, आज ती जॉक्स रोड म्हणून ओळखली जाते. 1880 च्या दशकात नव्या मालकाने दरी विकत घेतली आणि वाट बंद केली. वाटांच्या हक्कासाठी काम करणाऱ्या स्कॉटिश संस्थेने दावा लावला. दावा उच्च न्यायालयात गेला, तिथून हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये गेला, आणि 1888 मध्ये संस्था जिंकली. खर्च इतका झाला की जिंकलेली संस्था आणि हरलेला मालक दोघांचंही दिवाळं निघालं.

पण जिंकली कशावर? कागद नव्हताच. जिंकली मेंढपाळांच्या साक्षीवर. माझा बाप इथून कळप घेऊन बाजाराला जायचा, मी पोरवयात त्याच्याबरोबर गेलोय, अशा आशयाच्या साक्षी म्हाताऱ्या मेंढक्यांनी कोर्टात उभं राहून दिल्या. देशातल्या सर्वोच्च न्यायपीठाने पैसेवाल्या मालकाच्या खरेदीखतापेक्षा मेंढक्याच्या आठवणीला जास्त वजन दिलं.

आपल्या घाटवाटांचा साक्षीदार कोण आहे? धनगर. धनगरवाड्यावरचा सत्तरीतला म्हातारा. कातकरी वाडीवरची ती आजी, जी डोक्यावर मोळी घेऊन नाळेने कोकणात उतरायची. तोरण्या-राजगडामागच्या मुलखात मढेघाट, उपांड्या, गोप्या, शेवत्या या वाटा कोण चालत होतं, कुठल्या बाजाराला, कुठलं धान्य आणि कुठलं मीठ घेऊन, हे सांगणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत. नाणेघाटाला सातवाहनांचे लेख आहेत, दगडी रांजण आहे, त्याला कुणी हात लावणार नाही. बाकी वाटांना शिलालेख नाही. त्यांचा लेख या म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे आणि तो कुणी उतरवून घेत नाही. ट्रेकिंगच्या संस्था ड्रोनने कडे टिपतात, जीपीएसचे ट्रॅक एकमेकांना पाठवतात. त्यांनी ड्रोन खाली उतरवावा आणि एक रविवार धनगरवाड्यावर बसून म्हाताऱ्या माणसाची साक्ष लिहून घ्यावी. नाव, वय, कुठून कुठे, कधीपासून, कशासाठी. खाली अंगठा किंवा सही. उद्या तहसीलदारापुढे तोच कागद उपयोगी पडेल.

कारण तहसीलदारापुढे जायची वेळ आली आहे. मुळशी, मावळ, कर्जत, भोर, वेल्हे. मुंबई-पुण्याच्या दोन-तीन तासांच्या टापूत कुठेही जा. काल होती ती वाट आज तारेत. सोंडेच्या पायथ्याला लोखंडी फाटक, फाटकाशी वॉचमन, त्याच्या मागे कापलेला डोंगर आणि प्लॉटिंगची पाटी. वॉचमन गावचाच पोरगा असतो. तो खाली मान घालून म्हणतो, "दादा, इकडनं नका जाऊ आता. सायबानं बंद केलंय." त्याच पोराची आई कालपर्यंत त्याच वाटेने गुरं घेऊन वर जात होती. आता ती दोन किलोमीटरचा वळसा घालते. भटक्याचा रविवार फुकट जातो, एवढंच. तिचा रोजचा दिवस लांबतो.

याच ठिकाणी आपली भांडणाची दिशा चुकते. भटके फाटकावर वॉचमनशी हुज्जत घालतात, व्हिडिओ काढतात, मालकाला शिव्या देतात, आणि पुढच्या आठवड्यात दुसरा गड शोधतात. कायदा काय म्हणतो ते कुणी पाहत नाही.

कायदा काय म्हणतो? पहिली गोष्ट, फाटकावर "अतिक्रमण केल्यास कारवाई" अशी पाटी असते तिला घाबरू नका. आपल्याकडे नुसतं पाऊल ठेवणं फौजदारी गुन्हा ठरत नाही. गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. भारतीय दंड संहितेत हेच होतं, नव्या न्याय संहितेच्या 329 व्या कलमातही हेच आहे. पण म्हणून हक्क मिळाला असंही नाही. 1882 चा सुविधाधिकार कायदा वीस वर्षांच्या अखंड वापराला मान देतो, मात्र तो शेजारच्या जमिनीच्या मालकाला किंवा कब्जेदाराला. मुलुंडहून आलेल्या ट्रेकरची तिथे जमीन नाही. त्याला या कायद्यात जागा नाही. जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे, 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, पहिल्याखाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतो, दुसऱ्याखाली अडवलेली वाट मोकळी करू शकतो. पण दोन्ही शेतकऱ्यासाठी, त्याला शेतात जाता यावं म्हणून.

तर स्पष्ट बोलायचं म्हणजे, सह्याद्रीत भटक्याचा स्वतःचा असा हक्क कायद्याच्या पुस्तकात जवळजवळ नाही. तो आजवर चालला तो गावाच्या हक्काच्या सावलीत. गावाची वाट गेली की त्याचीही गेली. गावाची राहिली तर त्याची राहील.

आणि गावाची वाट कागदावर आहे! अनेकांना हेच माहीत नसतं. भूमी अभिलेख कार्यालयात प्रत्येक गावाचा नकाशा मिळतो. त्यावर दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडीमार्ग. एकेरी तुटक रेष म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. मूळ मोजणीच्या वेळी जी पायवाट वहिवाटीत होती ती त्या रेषेने दाखवलेली आहे. ज्या वाटेवर आज फाटक बसलं आहे, ती रेष त्या नकाशात असू शकते. पैसे भरले की नकाशाची प्रत हातात पडते. किती संस्थांच्या कपाटात अशा प्रती आहेत? गडाचे फोटो शेकड्यांनी असतील. नकाशा विचारला तर गप्प बसतात.

नकाशात नसलेल्या वाटांचीही सोय जमीन महसूल संहितेत आहे. कलम 165 मध्ये वाजिब-उल-अर्ज नावाची नोंद सांगितली आहे. सरकारी नसलेल्या जमिनीतून जाण्यायेण्याच्या गावच्या रूढी काय आहेत, हे जिल्हाधिकाऱ्याने तपासून लिहून ठेवायचं. विदर्भातल्या जुन्या माणसांना हा शब्द ठाऊक आहे. घाटमाथ्यावर मी तो कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. 2025 मध्ये महसूल विभागाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या "इतर हक्क" रकान्यात घ्यायला सांगितलं. उत्तम झालं. त्याच रकान्यात पायवाटेची नोंद का घेऊ नये? ट्रॅक्टर जातो ती वाट मोजायची आणि माणूस जातो ती सोडून द्यायची, हा कुठला न्याय?

जमीनमालकाचंही ऐकलं पाहिजे, आणि मी ते तोंडदेखलं म्हणत नाही. दोन एकर नाचणीचा शेतकरी आणि दोनशे एकर घेतलेला बिल्डर या दोघांना एकाच पारड्यात घालणं मला मान्य नाही. शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. शनिवारी रात्री बसमधून दीड-दोनशे जण उतरतात. पुढाऱ्याच्या हातात कर्णा, पाठीवर स्पीकर. रोप लावलेल्या खाचरातून सरळ चालत जातात, कारण बांधावर चिखल आहे. गडग्याचे दगड ढासळतात, ते परत कुणी रचत नाही. बाटल्या, चिप्सच्या पिशव्या. पाणवठ्यावर नको ते. हे करणाऱ्यांना माझी अजिबात सहानुभूती नाही. अशा टोळीपुढे शेतकऱ्याने बाभळीची फांदी आडवी टाकली तर तो चुकला असं मी म्हणणार नाही. त्या टोळ्या नेणारे माणशी पैसे घेतात आणि ज्याच्या बांधावरून नेतात त्याला एक रुपया देत नाहीत. गावाने किंवा वन समितीने पावती फाडली की मात्र "लूट" म्हणून ओरडतात. पावती रीतसर असेल आणि पैसा गावात राहत असेल, तर तो मुकाट्याने द्यावा.

मालकाला दुसरी भीती असते अपघाताची. पडला कुणी तर माझ्या गळ्यात. आयर्लंडमध्ये हे प्रत्यक्ष घडलं. विकलो वे या वाटेवर लाकडी फळ्यांवरून चालताना एक बाई पडल्या, गुडघ्याला जखम झाली, आणि 2016 मध्ये कोर्टाने त्यांना 40,000 युरोची भरपाई दिली. देशभरचे डोंगरमालक धास्तावले. वाटा बंद करण्याची भाषा सुरू झाली. पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला: डोंगरात चालणाऱ्याने पायाखाली बघून चाललं पाहिजे. मला हा निकालही तितकाच महत्त्वाचा वाटतो. चालण्याचा हक्क मागणाऱ्याने पडण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे. आपल्याकडे धबधब्यावर कुणी बुडालं की जिल्हाधिकारी अख्ख्या परिसरावर बंदी घालतात आणि त्यात जाणता भटका, शहाणा वाटाड्या, चहा विकणारी मावशी सगळेच भरडले जातात. बंदी सोपी पडते. त्या जागी वाटाड्या नेमणं, संख्या ठरवणं, पाटी लावणं याला माणूस आणि काम लागतं.

हे काम स्कॉटलंडने केलं. 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने तिथे जवळजवळ सगळ्या जमिनीवर आणि पाण्यावर जबाबदारीने वावरण्याचा हक्क प्रत्येकाला दिला, तंबूसकट. घराचं अंगण वगळलं, उभं पीक वगळलं. बरोबर एक आचारसंहिता दिली: फाटक जसं होतं तसं लावा, कोकरांच्या दिवसांत कुत्रा आवरा, कचरा परत न्या. मालकालाही बजावलं की विनाकारण वाट अडवायची नाही. इंग्लंडने 2000 साली कायदा केला तो भीत भीत. फिरण्याचा हक्क मिळाला तो सुमारे आठ टक्के भूमीवर, आणि त्यातले काही तुकडे असे की चारी बाजूंनी खाजगी शेतं, आत फिरायला हक्क आहे पण पोचायला वाट नाही. दोन्ही देशांत डोंगर तेच, मेंढ्या त्याच, मालकही त्याच जातकुळीचे. फरक राज्यकर्त्यांच्या हिमतीचा होता. स्कॉटलंडची शेती बुडाली नाही.

महाराष्ट्रात आज कुठला पक्ष असा कायदा आणील याची मला आशा नाही. गडकोटांच्या नावाने घोषणा देणारे सगळे आहेत. गडाच्या माथ्यावर रोषणाई करायला पैसा निघतो. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची वाट कुणाच्या सातबाऱ्यातून जाते आणि तो सातबारा गेल्या वर्षी कुणाच्या नावावर झाला, हे विचारायला एकही आमदार उठत नाही. माथा पुरातत्त्व खात्याचा, मधलं रान वनखात्याचं, पायथा बिल्डरचा. शिवाजी महाराजांचा गड बघायला जायचं तर आधी बिल्डरच्या वॉचमनला विचारायचं, ही वेळ उद्याची राहिलेली नाही, काही ठिकाणी आलेली आहे.

तेव्हा कायद्याची वाट बघत बसू नका. तुमच्या संस्थेने एक गाव निवडावं, एकच. त्या गावाचा नकाशा काढून आणावा. तुटक रेषा रंगवाव्यात. गावातल्या जाणत्यांना सोबत घेऊन त्या रेषा पायांनी चालाव्यात. कुठे तार आली, कुठे चर खणला, ते टिपावं. म्हाताऱ्यांच्या साक्षी लिहून घ्याव्यात. मग ते सगळं गावकऱ्यांच्या हाती द्यावं, कारण अर्ज त्यांनीच करायचा आहे, हक्क त्यांचा आहे. ग्रामसभेने ठराव करावा, ठराव तहसील कार्यालयात द्यावा, पोच घ्यावी. मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. तुमच्या ओळखीच्या वाटेवर गेल्या दिवाळीनंतर फाटक बसलं असेल, तर दिवस मोजायला लागा आणि आधी गावच्या सरपंचांना फोन करा.